खिडकीवरचे शंभर रुपये आणि घोड्याचा पाय

मंडळी, रेसचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, जुगार आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, राजेशाही खेळ आहे, सरकारने करापायी मारला. दोघेही घोड्याविषयी फारसे बोलत नाहीत. म्हणून आज मी टोटच्या खिडकीवर लावलेले शंभर रुपये हातात घेऊन निघणार आहे आणि ते घोड्याच्या पायापर्यंत कसे पोहोचतात, वाटेत कुठे अडकतात, ते पाहणार आहे.

टोट म्हणजे सामायिक भांडे. सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र जमतात, क्लब आपले कमिशन काढून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. या कमिशनमधून बक्षिसाची रक्कम, म्हणजे स्टेक मनी, उभी राहते. त्यात भर पडते ती मालकांनी भरलेल्या प्रवेशशुल्काची आणि प्रायोजकांची. मालक त्या बक्षिसाच्या आशेवर ट्रेनरचे महिन्याचे बिल भरतो. त्या बिलातून साईसाचा पगार, नालबंदाचे पैसे, ओट्स, लसूणघास, डॉक्टर हे सगळे भागते. साडेचारशे-पाचशे किलोचा रेसचा घोडा दिवसाला दहा-बारा किलो दाणा-वैरण खातो आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याचे नाल बदलावे लागतात. तो जिंको अथवा हरो, हा खर्च थांबत नाही.

आता कराकडे येऊ. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रेसवर २८ टक्के दर लागला. दरापेक्षा मोठा घोळ कर कशावर लावायचा, याचा होता. जानेवारी २०१८ मध्ये नियम आला की कर क्लबच्या कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर घ्यायचा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नियम रद्द ठरवला. मग ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनो, ऑनलाइन गेमिंग आणि घोड्यांच्या शर्यती एकाच पंगतीला बसवून पूर्ण रकमेवरच कर पक्का केला गेला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटले होते, पण त्याने कराच्या पंगतीत काही फरक पडला नाही.

हिशेब मांडून पाहू. क्लबचे कमिशन १० टक्के धरू आणि कर तिकिटावर वरून लागतो असे धरू. शंभराच्या तिकिटाला खिशातून १४० जातात, भांड्यात १०० पडतात, त्यातले ९० वाटले जातात. म्हणजे १४० चे सरासरी ९० परत. एक गृहस्थ हजार रुपये घेऊन आले, पाच शर्यती खेळले, दर वेळी हातात आले ते पुन्हा लावले. सरासरीने त्यांचे हजाराचे ६४३ होतात, मग ४१३, २६६, १७१ आणि पाचव्या शर्यतीनंतर ११०. कर नसता आणि फक्त कमिशन असते, तर त्याच पाच शर्यतींनंतर ५९० उरले असते.

यावर अर्थखात्याचा माणूस जे म्हणेल तेही ऐकून घेऊ, कारण रेसवाले हा भाग नेहमी गिळून टाकतात. या गृहस्थांच्या हजारातून सरकारला त्या दिवशी सुमारे ७१२ रुपये मिळतात आणि क्लबला १७८. हाँगकाँगसारखा कर लावला तर? तिथे २००६ मध्ये उलाढालीवरचा कर काढून क्लबच्या नक्त उत्पन्नावर, म्हणजे जिंकणाऱ्यांना वाटून उरलेल्या रकमेवर, कर आणला आणि दर सुरुवातीलाच ७२.५ टक्के ठेवला. तो दर आपल्या उदाहरणाला लावला तर सरकारला २९७ आणि क्लबला ११३ मिळतात. म्हणजे एका दिवसापुरते सरकारही हरते आणि क्लबही. मग हाँगकाँगने असे का केले? कारण ११० रुपये घेऊन घरी गेलेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही. किंवा येतो, पण खिडकीवर न जाता फोन करतो. बेकायदा बुकी कर लावत नाही, उधारी देतो, आठवड्याने हिशेब करतो. शिवाय टोटवर दहा हजारांच्या वर जिंकले की ३० टक्के टीडीएस कापला जातो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. बुकीकडे तेही नाही. हाँगकाँगची उलाढाल अशीच बाहेर झिरपत होती. ब्रिटननेही ऑक्टोबर २००१ मध्ये लावलेल्या रकमेवरचा कर काढून बुकींच्या नक्त उत्पन्नावर १५ टक्के आणला, तोही परदेशी आणि फोनवरच्या बुकींकडे जाणारा पैसा परत आणण्यासाठी. आपल्याकडच्या बेकायदा बुकीकडे गेलेल्या रुपयातला एक पैसाही बक्षिसात येत नाही. थेट प्रक्षेपण तो आपल्याच शर्यतीचे वापरतो, हे वेगळे.

दर किती, यावर भांडण्यात क्लबांनी बरीच वर्षे घालवली. भांडायचे होते ते कशावर लावता यावर.

स्टेक घटले की पुढची साखळी तुटायला लागते. मालक घोडे कमी करतात, शर्यतीत घोडे कमी उतरतात आणि लहान शर्यत खेळणाऱ्याला बेचव लागते. ‘टनाला’ हा पैसे लावण्याचा प्रकार घ्या. पहिला, दुसरा, तिसरा क्रमाने सांगायचा. बारा घोडे असतील तर १,३२० वेगवेगळे निकाल शक्य असतात. सहा घोडे असतील तर फक्त १२०. ज्या टनालाचा डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, ऐकून लोक रेसकोर्सवर टिकून राहतात, त्यात दमच उरत नाही. मग उलाढाल आणखी घटते. आणि इथे घोड्याच्या पायाचा प्रश्न येतो: शर्यती भरायच्या तर आहे त्याच घोड्यांना लवकर लवकर उतरवावे लागते.

इथे जरा थांबून शरीराकडे पाहू, कारण रेसवरच्या चर्चेत हा भाग फार उथळपणे येतो. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो तेव्हा एका क्षणी एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. त्या भाराने नळीच्या हाडात आणि त्याच्या खालच्या सांध्यात केसाएवढ्या भेगा पडतात. शरीर त्या बुजवते, पण आधी जुने हाड कुरतडून काढते, याला काही आठवडे लागतात, आणि मग नवे हाड भरते, याला काही महिने. म्हणून दोन महिने विश्रांती दिलेला घोडा हा सुरक्षित घोडा असतोच असे नाही. विश्रांतीतून आला, ताजा दिसतो, सकाळच्या सरावात सुसाट पळतो, ट्रेनर खूश होतो. आणि हाड नेमके त्याच वेळी सगळ्यात पोकळ असते. शर्यतीत पाय मोडतो तेव्हा लोक खड्डा शोधतात. बहुतेक वेळा खड्डा नसतो, आठवड्यांपासून साचलेली इजा असते. वेदनाशामक दिले किंवा सांध्यात स्टिरॉइड टोचले, तर लंगडेपणा झाकला जातो आणि शेवटची सूचनाही हातची जाते.

अमेरिकेने याचा अनुभव घेतला. २००९ मध्ये तिथे हजार धावांमागे (एक घोडा एकदा शर्यतीत उतरला की एक धाव) २.०० घोडे दगावत होते. १ जुलै २०२२ पासून राष्ट्रीय पातळीचे सुरक्षा नियम आले. सांध्यातले इंजेक्शन शर्यतीच्या आधी १४ दिवस बंद, प्रत्येक उपचाराची नोंद, शर्यतीआधी पशुवैद्याची तपासणी. २०२३ मध्ये केंटकी डर्बीच्या आसपास चर्चिल डाउन्सवर बारा घोडे दगावले तेव्हा तिथल्या शर्यती दुसऱ्या मैदानावर हलवल्या. २०२४ मध्ये या नियमांखालच्या मैदानांवर आकडा ०.९० वर आला. हे शक्य झाले कारण आकडा आधी मोजला गेला आणि जाहीर झाला. आपल्या प्रत्येक क्लबने सीझन संपला की हजार धावांमागे किती, हे एका ओळीत छापावे. कुठल्या पृष्ठभागावर, किती दिवसांच्या अंतराने धावलेला घोडा, हेही. जमीन किती कडक वा मऊ आहे ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचे रीडिंग आणि फॉल्स रेल किती मीटरवर आहे हे आपण छापतोच; मग हे का नाही?

फॉल्स रेलवरून जमिनीचा प्रश्न आठवला. आतल्या कडेचे गवत तुडवले गेले की लाकडी किंवा प्लॅस्टिकची रेल काही मीटर बाहेर सरकवतात, आतला पट्टा विसावतो. त्यासाठी रुंदी लागते. शिवाय सकाळच्या सरावाचे ट्रॅक वेगळे लागतात, तबेले लागतात. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा १९१४ चा ९९ वर्षांचा करार २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी गेले आणि ९१ एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे राहिले. चेन्नईत तर रेसकोर्सच्या १६० एकरांचे भाडे वर्षाला ६१४ रुपये १३ आणे होते. २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने तो करारच रद्द केला. शहराच्या मध्यावरची एवढी जमीन मूठभर सभासदांच्या हाती का, या प्रश्नाला क्लबांनी कधी सरळ उत्तर दिले नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस शर्यत आणि बाकी दिवस फाटकावर रखवालदार, हे उत्तर लोकांना पटणार नव्हतेच.

कारभारातही तेच. मुंबई-पुणे, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद: पाच टर्फ अधिकारी संस्था आणि प्रत्येकीचा आपला कारभार. तोच क्लब शर्यत भरवतो, तिकिटे विकतो, ट्रेनर-जॉकींना परवाने देतो आणि चौकशीला बसतो. समितीतल्या सभासदांचे घोडेही त्याच शर्यतीत असू शकतात. शर्यतीवर देखरेख ठेवणारे पगारी स्टुअर्ड आहेत, चांगले कामही करतात, पण संशय रचनेतच मुरलेला आहे. इंग्लंडमधला जॉकी क्लब १७५० चा, त्याच्यापुढे आपले सगळे क्लब लेकरे. त्यानेही २००६ मध्ये नियमनाचे काम वेगळ्या संस्थेकडे सोपवले. आपल्याकडे सरकारकडे करसवलत मागायला जाताना अशा वेगळ्या नियामक संस्थेचा कागद हातात असता, तर बोलण्याला वजन आले असते.

निवृत्त घोड्यांविषयी थोडक्यात. घोडा पंचवीस वर्षे जगतो आणि बहुतेकांची रेस सहाव्या-सातव्या वर्षी संपते. चांगल्या घोड्या स्टडवर, म्हणजे पैदास केंद्रावर, जातात, काही घोडे रायडिंग स्कूलला. एके काळी पुण्याच्या पूनावाला स्टडचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस-सिरमसाठी दिले जात, त्यातूनच १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण आज देशभरच्या घोड्यांना ही वाट पुरणार नाही. प्रत्येक बक्षिसातून ठरावीक टक्का बाजूला काढून निवृत्तीचा निधी करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शेवटी पैदाशीचे. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी नैसर्गिकरीत्याच फळवावी लागते आणि अकरा महिने थांबावे लागते. मार्च २०२५ मध्ये घोडी फळवली तेव्हा कर २८ टक्के होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये शिंगरू उभे राहिले तेव्हा ४०. ते इंडियन डर्बीत धावेल तर फेब्रुवारी २०३० मध्ये. म्हणून स्टेक किती, उलाढाल किती, हे आकडे उशिरा बोलतात. आधी बोलते ती पुण्यात ठेवली जाणारी स्टड बुक, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीची नोंदवही: या हंगामात किती घोड्या फळवल्या आणि किती मालकांनी घोडी रिकामी ठेवली. तो आकडा सलग तीन हंगाम घसरला, तर २०३० नंतर आठ घोड्यांची शर्यत भरवायलाही घोडे शोधावे लागतील.