दुकानात जायच्या आधी

(जूनच्या पहिल्या आठवड्यात वाडीच्या समाजमंदिरात पालकांसमोर बोलले होते, तेच थोडं नीटनेटकं करून.)

बसा बसा, मागे सतरंजी आहे. आज्जी तुम्ही खुर्ची घ्या.

तर मी २८ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुतेक पहिली-दुसरीच शिकवली, त्यामुळे शाळेची पहिली सकाळ मला तोंडपाठ आहे. नवा रेनकोट, नवी बाटली, पोरगं अर्धं झोपेत, आणि आई कुठलातरी दाखला घरी राहिला म्हणून परत पळालेली. दुकानातली तेवढी तयारी फुल झालेली असते. म्हणून आज दुकानाचं सगळ्यात शेवटी बोलू.

पहिलीत घालताय ना, मग आज रात्री जन्मदाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर लावून बघा. एकीकडे बापाचं नाव दत्तात्रय आणि दुसरीकडे दत्तात्रेय, असं हमखास निघतं. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे चढतं तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं, दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत तेच चालत जातं. माझ्याच हातून एकदा एका मुलाच्या जन्मतारखेत १ चा ९ झाला, तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि कळलं कधी तर दहावीचा फॉर्म भरताना, मग त्याच्या वडिलांनी मजुरी बुडवून किती हेलपाटे मारले ते मी बघितलंय. अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हा ऍडमिशनच्या दिवशी रजिस्टरमधली ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, बाई रागावल्या तरी वाचा.

लहानपणी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात, ते ५ वर्षं झाल्यावर द्यायचे असतात, ५ ते ७ या वयात पहिल्यांदा केलं तर फुकट होतं. आणि हो, एखादा कागद नाही म्हणून पोराला घरी बसवू नका. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं लिहिलंय. कागद मागून देता येतो.

झोपेचं थोडक्यात सांगते. मे महिनाभर मामाच्या गावाला रात्री अकरापर्यंत जागलेलं पोरगं एका दिवसात सहाला उठत नाही. आजपासून रोज पंधरा मिनिटं आधी उठवा, आणि मोबाईल रात्री तुमच्या उशाशी ठेवा. म्हणजे तुम्ही बघत बसा असं नाही हां.

आता दप्तर. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको, हा नियम आहे. गेल्या वर्षी माझ्या नातवाचं दप्तर मी वाण्याच्या काट्यावर ठेवलं. नातू २२ किलोचा, दप्तर ४ किलो ६०० ग्रॅम! उपसलं तर आत काय, एक लिटरची स्टीलची बाटली, म्हणजे पाण्याचाच एक किलो झाला, दोन कंपासपेट्या, मागच्या वर्षीची वही, आणि एक दगड. दगड कशाला रे, तर म्हणे आवडला. शाळेत प्यायचं पाणी आहे ना, मग अर्धी बाटली भरा. वेळापत्रक दाराच्या आतून चिकटवा आणि रात्री दप्तर त्यालाच भरू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. पहिलीतलं पोरसुद्धा आठवड्याभरात शिकतं.

आता दुकान. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात, तरी दरवर्षी कोणीतरी आधीच अख्खा सेट विकत घेऊन बसतं आणि मग तो रद्दीत. ड्रेसचंही आधी शाळेत विचारा. वह्या किती पानी, किती रेघी, हे बाई पहिल्या आठवड्यात सांगतील, तोवर जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून द्या. बूट मात्र पोराला सोबत नेऊन संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. पाचवीपासून पुढच्या मुली एसटीने जात असतील तर बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास आहे, हेडमास्तरांना विचारा.

बास, माझं झालं. काटा वाण्याकडून पाच वाजेपर्यंतच मागून आणलाय, ज्यांनी दप्तरं आणलीत त्यांनी दाराशी रांग लावा. आणि ए बाळा, बाटली आधी काढू नको, सगळं भरलेलंच ठेव काट्यावर.