पॉम्पेई पाहाल तेव्हा पाहा, आधी ओस्तिया

नमस्कार श्रोतेहो. रोमला निघालेलं कुणी भेटलं की मी न विचारता सल्ला देते: कलोसियमच्या रांगेत खुशाल उभे राहा, पण एक दिवस ओस्तिया अँटिकासाठी राखून ठेवा. पिरामिडे मेट्रोला लागूनच असलेल्या स्टेशनातून लोकल सुटते, शहरातलं साधं तिकीट चालतं, आणि अर्ध्या तासात तुम्ही तिथे पोचता.

ओस्तिया म्हणजे टायबर नदीच्या मुखाशी वसलेलं रोमचं बंदर. इजिप्त आणि आफ्रिकेतून आलेला गहू इथे उतरायचा आणि नदीमार्गे रोमला जायचा. नदी गाळ आणत राहिली, किनारा सरकत गेला. आज समुद्र तिथून तीनेक किलोमीटर दूर आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. ओस्तियाच्या नशिबी असं काही नाट्य नव्हतं. धंदा हळूहळू आटला, माणसं उठून गेली. पर्यटक पॉम्पेईकडे धावतात ते बहुधा या नाट्यापायीच. मला मात्र ओस्तियाच जास्त आवडतं, कारण इथे श्रीमंतांच्या वाड्यांपेक्षा भाडेकरू जास्त भेटतात.

विटांच्या चार-पाच मजली इमारती होत्या इथे! खाली दुकानं, आणि वर जायला थेट रस्त्यावरून वेगळा जिना. गिरगावातली चाळ पाहिलेल्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. वरचे मजले बहुतेक पडलेत, पण जिने शाबूत आहेत. 'डायानाचं घर' म्हणतात त्या इमारतीसमोरच एक खाणावळ आहे. संगमरवरी कट्टा, मागे फळ्या, आणि भिंतीवर खाद्यपदार्थांचं चित्र. आत छोटंसं अंगणही आहे, बसायला बाक आहे. जवळच पिठाची गिरणी, तिची काळ्या दगडाची भलीमोठी जाती अजून जागेवर उभी आहेत. आणि हो, सार्वजनिक शौचालय! संगमरवरी बैठका एका ओळीत, मध्ये आडोसा म्हणून नाही. लोक तिथे गप्पा मारत बसायचे म्हणे.

नाट्यगृहामागच्या चौकात मात्र घाई करू नका. चौकाभोवती जहाजवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. प्रत्येकीसमोर जमिनीवर काळ्यापांढऱ्या दगडी तुकड्यांची नक्षी: कुठे जहाज, कुठे दीपगृह, कुठे धान्य मोजायचं माप. लिबियातल्या साब्राथा बंदराच्या व्यापाऱ्यांनी हत्ती काढलाय. कार्थेज, नार्बोन अशी शहरांची नावंही वाचता येतात. आजच्या भाषेत दुकानाची पाटीच ती, फक्त पायाखाली.

तिथून जवळच्या स्नानगृहात, जमिनीवरच्या नक्षीत, रोमनांचा समुद्रदेव नेपच्यून समुद्री घोड्यांचा रथ हाकताना दिसतो. ग्रीक त्यालाच पोसायडन म्हणत. कोल्हापूरकरांना तो अनोळखी नसावा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली त्याची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे.

सोमवारी जाऊ नका, बंद असतं. पाणी जवळ ठेवा, आणि जाड तळव्याचे बूट घाला, कारण रोमन फरसबंदी पायांची परीक्षा पाहते. बहुतेक लोक मुख्य चौकातूनच मागे फिरतात. तुम्ही तसंच पुढे, जुन्या किनाऱ्याच्या वेशीबाहेर जा. तिथे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे खांब उभे आहेत. हे मंदिर सापडलं १९६१ मध्ये, फ्युमिचिनो विमानतळाचा रस्ता बांधताना. रोमला येणारे आपण बहुतेक जण उतरतो तोच हा विमानतळ.