बोरूचा काप

सीएसएमटीहून डी. एन. रोडने क्रॉफर्ड मार्केटकडे चालत निघालं की डाव्या हाताला झाडांमागे एक आवार लागतं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. इथल्या कारागिरांचा हात सुधारायचा, असा हेतू. सुधारायचा कसा, ते मात्र लंडनमध्ये ठरलं. तिथल्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या धर्तीचा अभ्यासक्रम आला, ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरमधल्या प्रतिकृती आल्या, आणि मुंबईची मुलं त्या पांढऱ्या नाकाडोळ्यांवरच्या सावल्या पेन्सिलीने उतरवू लागली.

१८७२ मध्ये इथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. लेण्यांच्या अंधारात उभं राहून या मुलांनी वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला रवाना झाल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळाल्या. ती रेषा ज्यांच्या हातात उतरली होती, ते हात इथेच होते. तरी वर्गातला पहिला धडा पुतळ्याचाच राहिला. मला याचं फार वाईट वाटतं.

आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत चित्रकलेची एलिमेंट्री, इंटरमिजिएट परीक्षा दिली. आठवतंय? भूमिती आणि अक्षरलेखन, एकच पेपर. अक्षर पट्टीने आखायचं, चौकटीत बसवायचं.

पण देवनागरी पट्टीतून आलेली नाही. ती बोरूतून, तासलेल्या काडीच्या लेखणीतून आली.

कॉलेजात पहिल्या वर्षी देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांसाठी आम्हाला एकच निब होती, इंग्रजी अक्षरांची. माझा ‘अ’ काही केल्या जमेना. वाटायचं, आपला हातच वाईट. मग लालबागच्या एका पेंटरकाकांनी बोरू हातात घेतला, टोक तासलं आणि काप उलट्या बाजूला तिरका दिला. “आता लिही.” रोमनमध्ये जी तिरपी रेघ जाड येते, ती देवनागरीत बारीक येते, तिथली बारीक, ती इथे जाड. एवढंच होतं. वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं.

अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी हे सगळं आयुष्यभर मांडलं, पवईच्या आयआयटीत शिकवलं. विंडोजचा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच.

पुतळे फेकून द्या, असं मी म्हणत नाही. छायाप्रकाश मीही त्यांच्यावरच शिकले. पण आपली लिपी, वारल्यांची भिंत, अजिंठ्याची रेषा हे सगळं ‘भारतीय अलंकरण’ नावाच्या एका तासात कोंबायचं आणि उरलेलं वर्ष ते विसरायचं, हे मला मान्य नाही. डोळा आणि हात तयार होतात ते पहिल्याच महिन्यात.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी बोरू आणि चाकू. जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं, त्यांवर तासलेले पापुद्रे. मागच्या बाकावरची ही मुलगी बघा. तिसऱ्यांदा काप देतेय. आता शाईत बुडवला. शिरोरेघ नंतर, आधी काना, वरून खाली, एका दमात.