खोकला आहे, पण कफ सुटतो का?

मूल आईच्या मांडीवर आहे आणि परिचारिकेने त्याला अजून हातही लावलेला नाही. तिने फक्त झबले वर करायला सांगितले आहे, कारण धाप लागलेल्या मुलाची निम्मी तपासणी डोळ्यांनीच होते आणि ते एकदा रडू लागले की श्वासांची मोजणी भरवशाची राहत नाही. ती पूर्ण एक मिनिट मोजते. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६०, त्यानंतर वर्षापर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार श्वास जलद आहे.

आई म्हणते, “पोट उडतंय.” परिचारिकेला त्यासोबत फुललेल्या नाकपुड्या आणि बरगड्यांखाली आत ओढली जाणारी छातीही दिसते. एवढी मेहनत का पडते? चार मिलिमीटर व्यासाच्या श्वासनळीला आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज किंवा कफाचा थर चढला, तर वाट दोन मिलिमीटरच उरते आणि संथ प्रवाहातही अडथळा सोळा पटींनी वाढतो.

तान्ही बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. म्हणून चोंदलेले नाक आधी मोकळे करून श्वास पुन्हा मोजणे शहाणपणाचे. श्वास घेताना घशातून कर्कश आवाज आला तर अडथळा बहुधा स्वरयंत्राजवळ असतो, सोडताना शिट्टीसारखा सूर आला तर बारीक श्वासनलिकांत; आणि पाठीवर ठेवलेल्या तळहाताला घरघर जाणवली, तर मोठ्या नळ्यांत कफ साठल्याची शक्यता अधिक.

खरी परीक्षा खोकल्याची. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळून टाकते. त्यामुळे कफ दिसला नाही म्हणजे तो नाही, असे मानता येत नाही. खोकल्यापूर्वी खोल श्वास घेता येतो का, खोकला जोरकस आहे का, आणि खोकल्यानंतर त्याच जागी स्टेथोस्कोप ठेवल्यावर आवाज बदलतो का, हे पाहावे लागते. स्नायू दुर्बल असलेल्या मुलाचा खोकला इतका क्षीण असतो की छाती भरलेली असूनही घरच्यांना ते शांत वाटते.

ही शांतता फसवी असू शकते. घरघर थांबली, श्वासांची गती उतरली, पण मूल मलूल आहे, दूध ओढत नाही, ओठ निळसर आहेत, तर ते बरे होत नसून थकले आहे. अशा वेळी डॉक्टरांना तत्काळ बोलवायचे असते. परिचारिका पल्स ऑक्सिमीटर लावते, आकड्याशेजारी वेळ लिहिते आणि पुन्हा श्वास मोजू लागते.