विसकटलेली आयाळ

श्रोते हो, नमस्कार.

पाचगणीच्या टेबललँडवर कधी संध्याकाळी गर्दी ओसरेपर्यंत थांबलात, तर एक गोष्ट जरूर बघा. घोडेवाले तंग सोडतात, खोगीर उतरवतात. दिवसभर माणसं वाहून दमलेल्या दोन घोड्या हळूहळू एकमेकींजवळ सरकतात. एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे, मानेला मान लागलेली. मग आयाळ संपून पाठ सुरू होते ना, तिथल्या उंचवट्यावर दोघी एकमेकींना पुढच्या दातांनी खाजवायला लागतात. पापण्या जड होतात, खालचा ओठ लोंबतो. एक थांबली की दुसरी थांबते, एकीनं सुरू केलं की दुसरी लगेच सुरू करते.

मी पशुवैद्यक. नोकरीतली बरीच वर्षं वाई-पाचगणीच्या वाटेवर गेली. तिथले एक घोडेवाले काका मला नेहमी म्हणायचे, "बाई, रोज सकाळी खरारा करतो, आयाळ विंचरतो, आणि ही दुसरी चावून चावून पार इस्कटून टाकते बघा. बांधू का लांब?" मी म्हणायचे, काका, इस्कटू द्या. आज त्या विसकटलेल्या केसांविषयीच बोलायचंय.

फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्ग नावाचा दलदलीचा प्रदेश आहे. तिथल्या घोड्यांवर क्लोदिया फे आणि जान द माझिएर या दोन महिला अभ्यासकांनी १९९३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घोडे एकमेकांना जिथं खाजवतात, नेमकं तिथंच त्यांनी हातानं खाजवलं आणि हृदयाचे ठोके मोजले. ठोके संथ झाले. दुसरीकडे खाजवलं तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे ती जागा काही केवळ खाज सुटते म्हणून ठरलेली नाही. तिथं हात लागला की जीव शांत होतो. घोडा बिथरला असेल तर थोपटण्याऐवजी तिथं बोटांनी खसाखसा खाजवून बघा. मी कित्येकदा इंजेक्शन देण्याआधी तेच केलंय.

मोकळ्या रानातल्या घोड्यांचं घर कसं असतं? एखादा घोडा, काही घोड्या, त्यांची शिंगरं. शिंगरू मादी असेल तर वयात आल्यावर ती जन्माचा कळप सोडते आणि परक्या कळपात जाते. म्हणजे घोडी ही सासुरवाशीण. नव्या कळपात तिची ना आई, ना बहीण. न्यूझीलंडच्या कायमानावा डोंगरात मोकाट घोड्यांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या घोड्यांची कळपातल्या इतर घोड्यांशी, म्हणजे रक्ताचं काही नातं नसलेल्या माद्यांशी, घट्ट मैत्री होती, त्यांना नर कमी छळत होते, आणि त्यांची शिंगरं जास्त जन्मत होती, जास्त जगत होती. सासरी एक मैत्रीण मिळाली की काय फरक पडतो, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी वेगळं सांगायला नको.

आता टेबललँडवरून खाली पसरणीच्या घाटात या. कठड्यावर लाल तोंडाची माकडं बसलेली असतात, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. त्यांच्याकडे उलटा प्रकार. इथं मादी जन्मभर माहेरी राहते आणि वयात आलेला नर टोळी सोडून जातो. आई, मुली, मावश्या, नाती सगळ्या एकाच ठिकाणी. दुपारच्या सावलीत त्या एकमेकींच्या अंगातलं काहीबाही वेचत बसतात, आपण म्हणतो उवा काढतात. उवा, कोंडा हे सगळं निघतंच, पण वेळ जातो तो नातं जपण्यात.

केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडिणींची सोळा वर्षांची निरीक्षणं जोन सिल्क, सुझन अल्बर्ट्स आणि जीन आल्टमन यांनी २००३ साली मांडली. जी मादी इतरांमध्ये जास्त मिसळून राहते, तिची पिल्लं पहिलं वर्ष पार करण्याची शक्यता जास्त. टोळीत तिचा मान मोठा असो की लहान. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरच थांबले होते. एक माहेरवाशीण, एक सासुरवाशीण. एक झाडावर चढणारी, एक खुरांवर पळणारी. आणि दोघींच्या बाळांचं जगणं शेवटी मैत्रिणीपाशी येऊन ठेपतं.

काळ्या तोंडाची वानरं तर याहून पुढची. त्यांच्यात नवं पिल्लू जन्मलं की इतर माद्या ते मांडीवर घेतात, हातोहात फिरवतात, आई तेवढ्यात चरून घेते. आणि त्यांना या सोबतीची गरज फार आहे. आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं, की बाहेरून नवा हुप्या येऊन टोळी ताब्यात घेतो तेव्हा तो दुधावरची पिल्लं मारू शकतो. पुढे अबूच्या डोंगरात सारा हर्डी यांना असंही दिसलं, की अशा नरावर पोरासाठी धावून जाणाऱ्यांत म्हाताऱ्या माद्या पुढे होत्या.

घाटातून जाताना गाडीची काच खाली करून बिस्किटाचा पुडा फेकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. बंदिपूरच्या जंगलात अभ्यासकांनी नोंदवलंय, की ही लाल तोंडाची माकडं माणसाकडे बघून एक लांब "कू" असा आवाज काढतात आणि तळहात पुढे करतात. माणसाशी बोलायची भाषाच त्यांनी बसवली आहे. इतकं हुशार जनावर आपण रस्त्याकडेला बसवून ठेवतो. रानातला पाला, फळं, किडे पसरलेले असतात, सगळ्यांना मिळतात. पुडा एका जागी पडतो आणि त्यावरून मारामाऱ्या होतात, पिल्लं चाकाखाली येतात. आणखी एक, माकडानं तुमच्याकडे बघून दात विचकले तर ते हसत नसतं, बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, तो त्याला दम वाटतो.

शेवटी एका घोडीचं सांगते. एका गृहस्थांनी शेतातल्या बंगल्यावर हौसेनं एक देखणी घोडी आणली. चंदी उत्तम, तबेला पक्का, अंगावर एक माशी बसू द्यायचे नाहीत. पण घोडी दारात उभी राहून तासन् तास डावीकडे-उजवीकडे झुलायची. पुढच्या खुरांखालची फरशी झिजली होती. मालकांना वाटलं पोटदुखी. मी तपासलं, पोट ठीक होतं. एकटं ठेवलेलं घोडं असं झुलतं. इंग्लंडमध्ये तबेल्यात आरसा लावून पाहिला, तर अशा घोड्यांचं झुलणं बरंच कमी झालं. स्वतःचंच प्रतिबिंब, पण तेवढ्यानंही त्यांना धीर आला.

मी म्हटलं, आरसा नको, सोबत आणा. त्यांनी टांग्यातून सुटलेली एक म्हातारी घोडी स्वस्तात आणली. पहिले चार दिवस दोघींनी कान मागे पाडून एकमेकींना लाथा दाखवल्या. मालकांचा फोन आला, बाई, परत देऊ का? थांबा म्हटलं. पंधरवड्यानं गेले तेव्हा दोघी आंब्याखाली उभ्या होत्या. देखणी झुलत नव्हती. मी जवळ जाऊन तिच्या मानेवरून हात फिरवला, तर आयाळीच्या मुळाशी केस ओले होते आणि चावून चावून पार विसकटलेले.

नमस्कार.