पेन ड्राइव्हशिवाय दुरुस्ती: तालुक्याच्या दुकानातलं नेटवर्क बूट

[दृश्य: एसटी स्टँडमागची गल्ली. झेरॉक्स, सेवा केंद्र, त्याला लागून कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. टेबलावर उघडलेलं कॅबिनेट.]

दर्यापूर असो, पुसद असो की आर्वी, तालुक्याच्या दुकानात दुरुस्तीला येणारी मशीनं साधारण ठरलेली. सेवा केंद्राचा धुळीने भरलेला डेस्कटॉप, शाळेच्या लॅबमधले जुने ड्युअल कोअर, कृषी केंद्राचं बिलिंगचं मशीन, कॉलेजच्या पोराचा लॅपटॉप. पीक विम्याची मुदत जवळ आली की सगळे एकदमच दारात. "भाऊ, चालूच नाई होऊन राह्यलं, अन् फॉर्म तर आजच भरा लागते."

अशा दिवशी कमी पडतो तो पेन ड्राइव्ह. एकावर रॅम तपासणारं मेमटेस्ट, दुसऱ्यावर डिस्कची प्रत काढणारी क्लोनझिला, तिसऱ्यावर विंडोज. हवा तो नेमका दुसऱ्या मशीनला लावलेला असतो, आणि मोकळा सापडला तर त्यात शॉर्टकट व्हायरस शिरलेला. नेटवर्क बूटमध्ये ही सगळी साधनं दुकानातल्या एकाच मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर राहतात. ग्राहकाचं मशीन ती लॅनच्या केबलमधून घेतं, स्वतःच्या रॅममध्ये चालवतं. सर्व्हरवरच्या मूळ फाइली फक्त वाचता येतील अशा ठेवल्या की त्या खराब होण्याचा प्रश्न उरत नाही.

[दृश्य: लॅन पोर्टमध्ये केबल बसते, हिरवा दिवा लागतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.]

या पद्धतीचं नाव पीएक्सई. इंटेलने तिचा २.१ हा आराखडा १९९९ मध्ये दिला, त्यामुळे दुकानात येणाऱ्या बहुतेक जुन्या मशीनमध्येही ती असतेच. फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, 'लॅन बूट रॉम' किंवा 'नेटवर्क स्टॅक' बंद करून ठेवलेला असतो. तो चालू केला की मशीन नेटवर्कवर हाक मारतं: मला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, आणि बूटची फाइल कुठे आहे ते सांगा.

सर्व्हरला नवं काही घ्यावं लागत नाही. ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यात २४० जीबीचा एसएसडी, डेटा काढण्यासाठी वेगळी १ टीबीची हार्ड डिस्क, आणि आठ पोर्टचा गिगाबिट स्विच. त्यावर डेबियन किंवा उबुंटू, एक साधा वेब सर्व्हर आणि डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम.

गडबड होते ती इथे. डीएनएसमास्कला पूर्ण डीएचसीपी म्हणून चालू केलं, तर दुकानात आयपी वाटणारे दोन होतात, एक राउटर आणि एक हा. मग प्रिंटर सापडत नाही, शेजारच्या टेबलावरचं इंटरनेट जातं आणि दोष कंपनीच्या लाइनवर ढकलला जातो. म्हणून तो प्रॉक्सी पद्धतीने लावायचा. आयपी राउटरच देतो; डीएनएसमास्क फक्त बूट फाइलचा पत्ता सांगतो. राउटरच्या सेटिंगला हातही लागत नाही. सर्व्हरचा स्वतःचा आयपी मात्र पक्का हवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. उबुंटूवर डीएनएसचा (नावावरून आयपी शोधण्याचा) पोर्ट ५३ आधीच वापरात असल्याने डीएनएसमास्क सुरूच होत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट शून्य लिहिलं की डीएनएसचं काम बंद होतं आणि बाकीचं चालतं. फायरवॉल असेल तर यूडीपीचे ६७, ६९ आणि ४०११, शिवाय वेबचा ८०, एवढे पोर्ट मोकळे करायचे.

पहिली फाइल आयपीएक्सईची, म्हणजे साधनांचा मेनू दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. जुन्या बायोसला एक, नव्या मशीनमधल्या यूईएफआयला दुसरी. आयपी मागतानाच मशीन स्वतःचा प्रकार ऑप्शन ९३ मध्ये कळवतं, त्यावरून डीएनएसमास्क योग्य ती देतो. आयपीएक्सई चालू झालं की तेही पुन्हा आयपी मागतं, आणि त्याला परत तीच फाइल मिळाली तर मशीन गोल गोल फिरत राहतं. त्याची ओळख ऑप्शन १७५ वरून पटते. तो दिसला की फाइलऐवजी थेट मेनूचा पत्ता द्यायचा.

मेनूपर्यंतचं काम टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने होतं, पुढचं सगळं एचटीटीपीने, म्हणजे वेब सर्व्हरवरून घ्यावं. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबतं. छोट्या फाइलला ते चालतं. ४०० एमबीची क्लोनझिला त्यातून ओढायची म्हणजे चहा पिऊन यावं. एचटीटीपीने तीच गिगाबिटवर काही सेकंदांत येते, १०० एमबीपीएसवर पाऊण मिनिटाच्या आत.

[दृश्य: क्रिंपिंग टूल. आठ रंगीत तारा बोटांत सरळ केल्या जातात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.]

स्विच गिगाबिट असूनही वेग शंभरावरच अडकला, तर आधी केबल बघा. १, २, ३ आणि ६ या चार तारा जोडल्या गेल्या की शंभराची लाइन चालते. हजाराला आठही लागतात. उंदराने कुरतडलेली किंवा घाईत क्रिंप केलेली केबल अशीच अर्धवट चालत राहते, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

पडद्यावरचे एरर कोड पाठ झालेले बरे. ई६१ म्हणजे केबल किंवा पोर्ट. ई५१ म्हणजे आयपीच मिळाला नाही, राउटर बघा. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण बूट फाइलचं नाव नाही, म्हणजे डीएनएसमास्क बंद आहे. ई३२ म्हणजे टीएफटीपी उत्तर देत नाही, बहुधा फायरवॉल.

मेनूतलं पहिलं साधन मेमटेस्टच असावं. आकाराने ते इतकं लहान की क्षणात येतं, आणि आवृत्ती ६ पासून यूईएफआयवरही चालतं. हा क्रम चुकवू नये, कारण बाकीची साधनं ग्राहकाच्या रॅममध्ये उतरतात. रॅमच खराब असेल तर उतरलेली फाइल बिघडते, स्क्वॉशएफएसच्या (दाबून बांधलेल्या फाइलीच्या) चुका दिसतात आणि दोष नेटवर्कचा वाटतो. एक पूर्ण फेरी होऊ द्या. चूक निघाली तर रॅमची सोनेरी पट्टी खोडरबरने पुसून, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा फेरी. १ जीबी रॅमच्या मशीनमध्ये क्लोनझिला अशी उतरवणं कठीण. तिथे तीच एनएफएसने जोडून, म्हणजे रॅममध्ये न उतरवता सर्व्हरच्या फोल्डरमधूनच चालवावी.

[दृश्य: हार्ड डिस्कचा टकटक आवाज. पडद्यावर डीडीरेस्क्यूचे सरकणारे आकडे.]

टकटक वाजणाऱ्या डिस्कवर थेट चेकडिस्क चालवणं ही सर्रास चालणारी आणि सर्वात महाग पडणारी सवय. मरणाऱ्या डिस्कवर ते लिहायला लागतं. आधी सिस्टमरेस्क्यू ही दुरुस्तीची लिनक्स बूट करून, तिच्यातल्या डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत सर्व्हरच्या १ टीबीवर घ्यायची. पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग घ्यायचा, अडलेल्या जागा सोडून द्यायच्या. दुसऱ्या फेरीत त्या जागांवर तीन वेळा प्रयत्न. कुठवर वाचलं याची नोंद मॅप फाइलमध्ये राहते. ती सर्व्हरवरच ठेवायची, कारण ग्राहकाचं मशीन रॅममधून चालतंय. लाइट गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. मॅप फाइल शाबूत असली की तीच आज्ञा पुन्हा द्यायची, काम थांबलं तिथून सुरू होतं. त्यासाठी सर्व्हर आणि स्विच इन्व्हर्टरवर हवेत, आणि राउटरही; नाहीतर आयपीच मिळत नाही.

विंडोजसाठी विमबूट वापरून विंडोज पीई (सेटअपपुरती छोटी विंडोज) उतरवता येतं आणि तिथून सांबावरचा, म्हणजे सर्व्हरच्या शेअर फोल्डरमधला सेटअप चालवता येतो. शेअरला युजर आणि पासवर्ड ठेवा. पाहुणा म्हणून शिरायला नव्या विंडोज सहसा नकार देतात. नवीन मशीनवर एक चकवा असतो. पीई नेटवर्कवरूनच आलेलं असतं, पण आत गेल्यावर नेटवर्क नसतं. फर्मवेअरचा ड्रायव्हर मागे राहतो आणि पीईकडे त्या लॅन चिपचा स्वतःचा नसतो. तो आधीच बूट इमेजमध्ये टाकून ठेवावा लागतो.

सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेले बूट प्रोग्राम रोखणारं सेटिंग, साध्या आयपीएक्सईला अडवतं. ते बंद करण्याआधी लॅपटॉपच्या मालकाला विचारा. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं सेटअप करताना कोणीतरी भलत्याच ईमेलवर काढलेलं असतं. की कागदावर लिहून घेतल्याशिवाय सेटिंग बदलू नका.

पातळ लॅपटॉपला लॅन पोर्टच नसतो आणि वायफायवरून हे सहसा होत नाही. यूएसबी-लॅन अडॅप्टर लागतो, तोही फर्मवेअरला ओळखता येणाऱ्या चिपचा. रिअलटेक ८१५३ पुष्कळदा चालते. अशा वेळी आयपीएक्सईची एसएनपीओन्ली ही फाइल द्यावी, ती फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरते. तेवढ्यानेही जमलं नाही, तर टेबलाच्या खणात एक पेन ड्राइव्ह ठेवलेला असावा.