विरजण आणि टोरंट

नमस्कार श्रोतेहो. टोरंट म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाईल उतरवायची पद्धत. पण नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात, जणू गावठी दारूचा पत्ता विचारलाय. म्हणून आधीच सांगते, टोरंट वापरणं हा गुन्हा नाही. त्यातून काय घेता, त्यावर सगळं ठरतं.

2008 सालची गोष्ट. घरातला कॉम्प्युटर पार रडकुंडीला आलेला. भाच्यानं ठरवलं, यावर उबुंटू टाकू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली. फुकट, आणि रीतसर फुकट. पण फाईल जवळजवळ 700 एमबी. ब्राउझरमधून ऐंशी टक्के उतरली, की भारनियमन! पुन्हा पहिल्यापासून. (तेव्हा गावात वेळ पाळणारी एकच गोष्ट होती, जाणारी वीज.) तिसऱ्या दिवशी त्यानं उबुंटूच्याच साइटवरचं टोरंट लावलं. यात फाईलचे तुकडे अनेकांकडून थोडे थोडे येतात, आणि वीज गेली तरी आलेले तुकडे कुठं जात नाहीत.

सकाळी फाईल पूर्ण. पण पठ्ठ्या मशीन बंद करेना. आई बटणाकडे निघाली, "झालं ना रे उतरवून?"

"आजी, आता आपल्याकडून दुसरे घेतायत."

आई थबकली. "म्हणजे विरजणच की. काल शेजारून आणलं, आज शेजारणीनं मागितलं तर द्यायला नको?"

आणि विरजण म्हटल्यावर तिनं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर पंचा घातला. चहूबाजूंनी, नीट खोचून. दुपारपर्यंत मशीन तापून बंद! वर आम्हालाच ऐकवलं, "हलवलं असेल कोणीतरी."

हल्लीच्या पाकिटातल्या दह्याचं विरजण मला मुळीच पसंत नाही, पण असो.

तर कायदा. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा रस्ता बघत नाही, माल बघतो. पुन्हा सांगते, माल बघतो. नवा सिनेमा परवानगीशिवाय टोरंटवरून घेतलात, तर घेता घेता तुम्ही तो वाटतही असता. जाणूनबुजून केलं तर कलम 63 आहे: 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड.

लिनक्स बिनधास्त घ्या. जुनी पुस्तकंही, इंटरनेट अर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय त्यांची टोरंटं देतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून 60 वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांचं. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं ज्याची त्याची, तेवढी पानं वगळा.